पुसलेल्या फाइलींचं ओझं

स्पिरिट ही सहा चाकांची गाडी मंगळावर उतरून जेमतेम अडीच आठवडे झाले होते. २१ जानेवारी २००४ला ती बोलायची थांबली. मोटर जळली असेल, वीजपुरवठ्यात बिघाड असेल, अंतराळातला एखादा कण चिपमध्ये घुसला असेल, असे तर्क कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथं, जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत म्हणजे जेपीएलमध्ये, तीन दिवस चालले होते. यातलं काहीच झालं नव्हतं. गाडीचा एक स्क्रूही ढिला झालेला नव्हता. फाइलींची यादी लांबली होती, एवढंच.

नियंत्रण कक्षातल्या माणसांना जे शेवटी कळलं ते इथं सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण खरा घोटाळा त्या तीन दिवसांत झालाच नाही, तो निघतानाच सामानात बांधला गेला होता.

सात महिने आधी : १० जून २००३

फ्लोरिडातल्या केप कॅनव्हरलहून डेल्टा-२ रॉकेटनं स्पिरिट निघाली. तिच्या पोटातला कॉम्प्युटर २० मेगाहर्ट्‌झचा. त्या वर्षी बाजारात मिळणारा साधा पीसीही याच्या शंभरपट वेगानं धावत होता, पण त्या पीसीला अंतराळातल्या किरणोत्साराची सवय नव्हती. हिच्या प्रोसेसरला होती. १२८ मेगाबाइट रॅम आणि २५६ मेगाबाइट फ्लॅश मेमरी, हा बाकीचा संसार.

यात फ्लॅशचं काम महत्त्वाचं. गाडी सौरऊर्जेवर चालणार, त्यामुळे रात्री कॉम्प्युटर बंद करून झोपणार. झोपली की रॅममधलं सगळं पुसलं जाणार. म्हणून फोटो, तापमानाच्या नोंदी, उपकरणांची मोजमापं, जे काही उद्याला लागेल ते सगळं फाइल करून फ्लॅशवर ठेवायचं. ऑपरेटिंग सिस्टिम होती विंड रिव्हर कंपनीची व्हीएक्सवर्क्स आणि फ्लॅशवरची फाइल सिस्टिम तिच्याबरोबर येणारी तयार, डॉसच्या पद्धतीची. ज्यांनी फ्लॉपीवर काम केलं आहे त्यांच्या परिचयाची.

या डॉस पद्धतीची एक खोड आहे. फाइल पुसली तरी तिची ओळ डिरेक्टरीतून निघत नाही. ओळीच्या पहिल्या अक्षराच्या जागी ‘ही पुसली’ अशी खूण होते आणि ओळ तशीच राहते. पुढे एखादी नवी फाइल ती जागा घेऊ शकते. पण डिरेक्टरी एकदा जेवढी लांबली तेवढी लांबली, ती आखडत नाही. काल पाच हजार फाइली होत्या आणि आज पाच उरल्या, तरी यादी पाच हजारांचीच. फ्लॉपीवर मुळात फाइलीच किती मावणार, तेव्हा ही खोड कुणाला खुपायचं कारण नव्हतं.

आता पुढची पायरी. दर वेळी फ्लॅश चाळत बसणं परवडत नाही, म्हणून फाइल सिस्टिम या यादीची एक नक्कल रॅममध्ये ठेवते. यादी लांबली की नक्कल लांबते, नक्कल लांबली की जास्त रॅम लागते. म्हणजे फ्लॅशवर भरपूर जागा मोकळी असताना रॅम संपू शकते, आणि ती संपवणाऱ्या फाइली कदाचित कधीच्याच पुसलेल्या असतात.

रॅम संपली तर काय करायचं, हे ठरवणाऱ्या दोन सेटिंग होत्या. पहिली फाइल सिस्टिमची : तुला नेमून दिलेली मेमरी संपली, तर ‘जागा नाही’ असं सांगून थांबू नकोस, सगळ्यांच्या सामाईक साठ्यातून उचल. दुसरी त्या सामाईक साठ्याची : मेमरी देता आली नाही, तर मागणाऱ्याला नकार कळवत बसू नकोस, मागणाऱ्या टास्कलाच, म्हणजे त्या चालू प्रोग्रॅमलाच, जागच्या जागी थांबवून ठेव.

एकेकटी पाहिली तर दोन्हींत वावगं काही वाटत नाही. पहिलीमुळे काम अडत नाही. दुसरी तर प्रयोगशाळेत सोयीचीच, कारण जिथं गडबड झाली तिथंच टास्क गोठलेला सापडतो आणि इंजिनियर निवांत बसून तपासू शकतो. पण मंगळावर तपासायला बसणार कोण? दोन्ही एकत्र आल्या की अर्थ असा होतो : फाइल सिस्टिम आधी शेजाऱ्यांची मेमरी खाणार, आणि तीही संपली की तोंडातून शब्द न काढता निपचित पडणार.

विमानं, यानं, हृदयाची यंत्रं यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जुना दंडक आहे : सुरू होताना लागेल तेवढी मेमरी घ्या, त्यानंतर नव्यानं मागू नका. जेपीएलच्याच गेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली अशा कोडसाठी दहा नियम प्रसिद्ध केले, त्यांतला तिसरा हाच. घरच्या कोडला असे नियम लावता येतात. बाहेरून आणलेली तयार लायब्ररी मात्र आपल्या सवयी घेऊन येते, आणि तिच्या सेटिंगांच्या लांबलचक यादीतल्या कोणत्या दोन ओळी एकमेकींच्या हातात हात घालून उभ्या आहेत, हे कुणी विचारत नाही.

प्रवास : जून २००३ ते जानेवारी २००४

सात महिने फाइली जमत राहिल्या. वाटेत सॉफ्टवेअर बदललं, त्याच्या फाइली आल्या. यानाच्या तब्येतीच्या नोंदी आल्या. मंगळावर पोचल्यावर यातल्या बहुतेकांचा कुणाला उपयोग नव्हता. जमिनीवरच्या चाचण्यांत गाडी कैक वेळा चालवून पाहिली होती, पण इतक्या फाइली साठवत इतके दिवस ती कधी चालवलेली नव्हती. जे बिघडायला अठरा दिवस लागतात ते त्याहून छोट्या चाचणीत बिघडत नाही.

४ जानेवारी २००४

गुसेव्ह विवरात स्पिरिट उतरली. पासाडेनात तेव्हा ३ तारखेची रात्र होती, ८ वाजून ३५ मिनिटं. आपल्याकडे ४ तारखेच्या रविवारची सकाळ. गाडीकडून ९० मंगळदिवसांची अपेक्षा होती. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा, त्यामुळे जेपीएलची मंडळी रोज ४० मिनिटं उशिरा कामावर यायची. आज पहाटे पाळी असेल तर काही दिवसांनी भर दुपारी. काहींनी मंगळाच्या चालीनं चालणारी घड्याळं मुद्दाम करून घेतली होती. १५ जानेवारीला गाडी उतरणतळावरून खाली मातीत आली आणि मग ॲडिरॉनडॅक असं नाव दिलेल्या एका खडकापाशी जाऊन थांबली.

तीन दिवस आधी : अठरा जानेवारी, मंगळावरचा पंधरावा दिवस

फाइली जास्त झाल्यात हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं असं नाही. प्रवासातल्या जुन्या फाइली आणि डिरेक्टऱ्या साफ करणारा एक छोटा प्रोग्रॅम तयार होता. तो दोन भागांत वर पाठवला. एक भाग पोचला, दुसरा नीट पोचला नाही. पुन्हा कधी पाठवायचा? एकोणिसाव्या दिवशी, असं ठरलं.

या निर्णयाला दोष देणं आज सोपं आहे. तेव्हा तो घरातल्या साफसफाईचा विषय होता, आणि साफसफाई कुणीही पहिल्या दिवशी करत नाही. नवा खडक समोर असताना तर नाहीच.

२१ जानेवारी, बुधवार : रात्री अडीचच्या सुमारास

पासाडेनात रात्र, गुसेव्हमध्ये सकाळ. मंगळावरचा अठरावा दिवस. पृथ्वीवरून निघालेला संदेश पोचायला ११ मिनिटांच्या आसपास लागत होते. त्या वेळी मंगळ ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराजवळच्या अँटेनासमोर होता, आणि कॅनबेरावर गडगडाटी पाऊस कोसळत होता.

दिवसाच्या आज्ञा पाठवल्या. गाडीनं ‘ऐकलं’ एवढा साधा टोन उलट पाठवला. त्या दिवशी मिनी-टेस या उपकरणाच्या मोटरची एक तपासणीही व्हायची होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे या मोटरवर नाहक संशय राहिला.

त्यानंतरचे काही तास

ठरलेल्या वेळी माहिती यायला हवी होती. आली नाही. कक्षात पहिला विचार आला तो पावसाचा. कॅनबेराला वादळ आहे, सिग्नल खराब झाला असेल, आज्ञा अर्धवट पोचल्या असतील. अगदी रास्त विचार. पावसामुळे लोकांचं लक्ष काही तास चुकीच्या दिशेला राहिलं. मात्र त्यामुळे नुकसान काहीच झालं नाही, कारण जे व्हायचं ते मंगळावर होऊन गेलं होतं.

तिथं घडलं ते असं. काम करता करता एका टास्कला फाइल तयार करायची होती. फाइल सिस्टिमनं यादीची नक्कल वाढवण्यासाठी मेमरी मागितली. तिच्या वाट्याची संपली होती. पहिल्या सेटिंगप्रमाणे तिनं सामाईक साठ्यात हात घातला. तिथंही शिल्लक नव्हती. दुसऱ्या सेटिंगप्रमाणे तो टास्क तिथल्या तिथं थांबवला गेला.

पण थांबताना त्याच्या हातात फाइल सिस्टिमचं कुलूप होतं. एका वेळी एकानंच यादीला हात लावावा म्हणून हे कुलूप असतं. काम झालं की सोडायचं. हा टास्क आता कधीच काम संपवणार नव्हता. मग ज्या ज्या टास्कला फाइल वाचायची किंवा लिहायची होती तो तो कुलपापाशी येऊन उभा राहिला. गाडीवर फाइलीशी संबंध नसलेला टास्क शोधावाच लागेल, त्यामुळे बघता बघता मोठी रांग लागली.

इथं थोडं विषयांतर करतो. फाइल सिस्टिम आणि मेमरी यांचा हा गुंता एकट्या स्पिरिटचा नव्हे. आपल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेल्या लिनक्समध्येही तो आहे. मेमरी कमी पडली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, म्हणतो, रॅममधला न लिहिलेला मजकूर डिस्कवर लिहून टाकू म्हणजे जागा होईल. लिहायचं काम फाइल सिस्टिमचं. लिहिण्यासाठी फाइल सिस्टिमलाच थोडी मेमरी लागते. ती मागितली की कर्नल पुन्हा म्हणतो, थांब, आधी काहीतरी डिस्कवर लिहू. फाइल सिस्टिम स्वतःच्याच कुलपापाशी स्वतःची वाट पाहत बसते. म्हणून लिनक्समध्ये फाइल सिस्टिमचा कोड मेमरी मागताना एक खूण जोडतो, जीएफपी-नोएफएस नावाची. तिचा मतलब : मेमरी दे, पण ती मोकळी करायला माझ्याच दारात येऊ नकोस. ही खूण कुठं लावायची, कुठं नाही, यावर कर्नल लिहिणाऱ्यांचे वाद वर्षानुवर्षं चालले आहेत. वरकरणी डिस्क ही मेमरीच्या खालची पायरी. प्रत्यक्षात दोघी एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असतात.

त्याच दिवशी, थोड्या वेळानं : पहिला रीबूट

असं अडकणं होऊ शकतं हे गाडी बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून आत एक पहारेकरी प्रोग्रॅम होता. एखादा महत्त्वाचा टास्क थांबलेला दिसला की सगळा कॉम्प्युटर बंद करून नव्यानं चालू करायचा. शंभरातल्या नव्व्याण्णव बिघाडांवर हेच औषध, घरी-दारी आपणही तेच करतो.

कॉम्प्युटर नव्यानं उठला. रॅम कोरी. उठल्यावर पहिल्या कामांपैकी एक म्हणजे फ्लॅशवरची फाइल सिस्टिम जोडून घेणं. जोडण्यासाठी यादीची नक्कल रॅममध्ये आणायची. यादी तेवढीच लांब, कारण ती फ्लॅशवर, आणि फ्लॅश रीबूटनं पुसली जात नाही. मेमरी मागितली, मिळाली नाही, टास्क थांबला, पहाऱ्यानं पाहिलं, रीबूट.

पुन्हा उठणं, पुन्हा तेच.

कुंपणानंच शेत खायला घेतलं होतं. बरं, हे चक्र भराभर फिरत नव्हतं. पृथ्वीवरून कुणाला काही सांगायचं असेल तर वेळ मिळावा, म्हणून प्रत्येक रीबूटच्या आधी गाडी काही काळ थांबायची : दिवसाच्या सुरुवातीला दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं, मग दर खेपेला तासभर. ही थांबण्याची अट ज्यानं घातली त्यानं गाडी वाचवली, असं माझं मत आहे. तिचं कौतुक फारसं कुठं झालेलं दिसत नाही.

२१ जानेवारी : रात्री साडेआठ

दिवसभर काहीच माहिती आली नाही. पत्रकारांना सांगताना नासानं १९९७च्या मार्स पाथफाइंडरची आठवण करून दिली. त्या मोहिमेतही असं अधूनमधून झालं होतं. दाखला अगदीच गैरलागू नव्हता. पाथफाइंडरवरही व्हीएक्सवर्क्स होती, तिथंही एका कमी महत्त्वाच्या टास्कनं धरून ठेवलेल्या कुलपापायी जास्त महत्त्वाचा टास्क ताटकळायचा आणि कॉम्प्युटर रीबूट व्हायचा. त्या वेळी सॉफ्टवेअरचं नेतृत्व करणारे ग्लेन रीव्ह्ज आता स्पिरिटच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख होते. एकाच माणसाच्या वाट्याला दोन ग्रहयानांची रीबूटची दुखणी यावीत, हाही एक योगच. पाथफाइंडर मात्र रीबूटनंतर सावरायचं, पुन्हा काम करायचं.

साडेआठच्या सुमारास मार्स ग्लोबल सर्व्हेयर हे कक्षेतलं यान स्पिरिटच्या डोक्यावरून जाणार होतं. गेलं. स्पिरिटचा रेडिओ बोललाही, पण त्यात अर्थ नव्हता. शून्य आणि एक यांचा नुसता भरताड. रेडिओ जिवंत, त्याला माहिती पुरवणारं कुणी नाही. दोन तासांनी मार्स ओडिसी या कक्षेतल्या दुसऱ्या यानाची फेरी होती, तीही कोरडी गेली.

या वेळी गुसेव्हमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. स्पिरिटनं कधीच झोपी जायला हवं होतं. ती झोपली नव्हती. झोपण्यासाठीही नीट आवराआवर करून, फाइली बंद करून, मग वीज तोडायची असते, आणि फाइलींचं कुलूप थांबलेल्या टास्ककडे. काम करायला फाइल सिस्टिम हवी, उठायला तीच हवी, झोपायलाही तीच हवी. सुटकेच्या सगळ्या वाटा त्याच एका दारातून जात होत्या. थंडगार रात्री कॉम्प्युटर चालूच, सौरपट्ट्या काळोखात, बॅटरी उतरत चाललेली.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी एक टोन ऐकू आला : पृथ्वीवरचा संदेश मिळाला. बस्स, एवढंच. प्रकल्प व्यवस्थापक पीट थायसिंगर यांनी पत्रकारांसमोर परिस्थिती फार गंभीर असल्याचं सांगितलं. दिसलेल्या सगळ्या लक्षणांचा उलगडा करील असा एकच बिघाड कुणालाही सुचत नव्हता. मोटरचं शॉर्टसर्किट? मग रेडिओ का अडखळतो? रेडिओ खराब? मग टोन कसा येतो? गाडी कधी ऐकते, कधी नाही, आणि त्यात काही क्रम दिसत नाही.

क्रम होता, तासातासाचा. तो दिसायला आधी काहीतरी माहिती हातात पडायला हवी होती.

आणि वर हेही होतं की स्पिरिटची जुळी बहीण ऑपॉर्च्युनिटी मंगळाच्या वाटेवर होती. शनिवारी रात्री उतरायची. तिच्या पोटात तोच कॉम्प्युटर, तेच सॉफ्टवेअर, त्याच दोन सेटिंग.

२३ जानेवारी, शुक्रवार : पहाटे ४ वाजून ३४ मिनिटं

माद्रिदजवळच्या अँटेनानं स्पिरिटचा सिग्नल पकडला. दहा मिनिटं, सेकंदाला १० बिट या वेगानं. या वेगात मराठीतलं एखादं वाक्य यायला मिनिटं लागतील. पण टोन नव्हे, खरी माहिती.

५ वाजून २६ मिनिटांनी पुन्हा. या वेळी वीस मिनिटं, सेकंदाला १२० बिट.

त्याच दिवशी ओडिसीच्या मार्फत एकदम ७३ मेगाबिट आले. ते बहुतेक भरताड. पण त्यात गाडीच्या तब्येतीचे काही आकडे होते आणि ते अंगावर काटा आणणारे होते. इलेक्ट्रॉनिक्स असायला हवं त्यापेक्षा गरम. बॅटरी असायला हवी त्यापेक्षा रिकामी. म्हणजे ही रात्री जागी असते. आणि बुधवारपासून साठाहून अधिक वेळा रीबूट झालेली आहे.

रीबूटनंतरही दुखणं टिकतं, म्हणजे ते रॅममध्ये नाही. वीज गेली तरी जे टिकतं तिथंच ते असणार : फ्लॅश, नाहीतर दुसरी कायमची मेमरी, नाहीतर हार्डवेअर. शेवटचं असेल तर संपलंच.

आधी तिला झोपवणं भाग होतं, नाहीतर बॅटरी जाईल. साधी झोपण्याची आज्ञा चालत नव्हती. इंजिनियरांच्या भात्यात आणखी एक होती : आवराआवर गेली खड्ड्यात, अमुक वेळेपर्यंत बंद हो. आज्ञेचं नाव ‘शटडाउन डॅमिट अनटिल’ याचं आखूड रूप. सरकारी यानाच्या आज्ञासूचीत शिवी चालवून घेतली जाते हे वाचून मला बरं वाटलं. आज्ञा गेली. स्पिरिटनं तीही ऐकल्याचं दिसलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार : मंगळावरची सकाळ

आता उरलेला उपाय. बिघाड हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ट्रेसी नीलसन आणि ग्लेन रीव्ह्ज यांच्या चमूचा संशय फ्लॅशवर स्थिरावला होता. ज्यांनी गाडी बांधली त्यांनी ‘फ्लॅशच दगा देईल’ हेही कधीतरी गृहीत धरलेलं होतं. एक आज्ञा अशी होती की ती समजून घ्यायला मुख्य सॉफ्टवेअर धडधाकट असण्याची गरज नव्हती. तिचा अर्थ रेडिओच्या बाजूचं हार्डवेअरच लावत असे. तिचं नाव ‘इनिट क्रिपल्ड’. पुढच्या खेपेला उठशील तेव्हा फ्लॅशला शिवू नकोस, रॅममध्येच तात्पुरती फाइल सिस्टिम मांड आणि तिच्यावर भागव.

हिला फाइल सिस्टिम लागत नव्हती. सगळ्या गाडीत ही एकच वाट अशी होती जी त्या दारातून जात नव्हती.

गाडी उठल्याच्या सुमारास आज्ञा पोचावी असा हिशेब करून ती पाठवली. स्पिरिट उठली, फ्लॅशकडे पाहिलं नाही, टास्क थांबला नाही, पहारेकऱ्याला काही खटकलं नाही. सेकंदाला १२० बिटच्या वेगानं ती जवळजवळ तासभर बोलली. सांगितल्यावर झोपलीही. थायसिंगर यांनी दवाखान्याच्या भाषेत जाहीर केलं की रुग्ण अत्यवस्थ होता, आता नुसता गंभीर आहे.

२४ जानेवारी : रात्री ९ वाजून ५ मिनिटं

ऑपॉर्च्युनिटी मेरिडियानी मैदानावर उतरली. एकाच खोलीत एका गाडीचा जल्लोष आणि दुसरीची शुश्रूषा. नव्या गाडीच्या फ्लॅशवरही साडेसहा महिन्यांच्या प्रवासातल्या फाइली होत्या. फरक एवढाच की आता काय बघायचं ते लोकांना कळत चाललं होतं.

२५ जानेवारी ते ६ फेब्रुवारी

पुढचं काम चिकाटीचं, नाट्यमय नव्हे. रॅममधली फाइल सिस्टिम झोपेत पुसली जायची, म्हणून रोज उठताना नव्यानं तीच आज्ञा. फ्लॅशमध्ये काय आहे ते बाहेरून चाचपून खाली आणायचं, जेपीएलमधल्या जुळ्या यंत्रावर तेच दुखणं पुन्हा घडवून पाहायचं. फाइली उडवल्याशिवाय फाइल सिस्टिम जोडली जात नाही, आणि ती जोडल्याशिवाय नेहमीच्या पद्धतीनं फाइली उडवता येत नाहीत. म्हणून तिला वळसा घालून जुन्या फाइली हटवल्या. मग ती जोडली गेली. आत अडकलेली कामाची माहिती खाली उतरवून घेतली आणि शेवटी फ्लॅश सरळ फॉरमॅट केली. डिरेक्टरी आखडायला एवढा एकच मार्ग होता.

६ फेब्रुवारीला स्पिरिट पूर्ण कामावर रुजू झाली. समोरच्या ॲडिरॉनडॅकवर तिनं आपलं घासण्याचं यंत्र टेकवलं आणि २.६५ मिलिमीटर खोल गोल खरवडा काढला. माणसानं पाठवलेल्या यंत्रानं मंगळावरचा खडक असा आतून उघडून पाहण्याची ती पहिली वेळ.

एप्रिलमध्ये दोन्ही गाड्यांना नवं सॉफ्टवेअर मिळालं. ९० दिवसांच्या बोलीवर गेलेली स्पिरिट सहा वर्षांहून अधिक टिकली. तिचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१०चा. ऑपॉर्च्युनिटी त्याहून पुढे गेली, इतकी की २०१४पर्यंत तिची फ्लॅश वापरून वापरून झिजली. कॉम्प्युटर वारंवार रीबूट व्हायला लागला तेव्हा सप्टेंबरमध्ये तिचीही फ्लॅश फॉरमॅट केली. तरी कुरकुर संपली नाही, म्हणून पुढे कित्येक दिवस तिला फ्लॅशविना, नुसत्या रॅमवर चालवलं. तेव्हा नियम एकच होता : दिवसभरात जे काही जमवलं ते झोपण्याआधी ओडिसीच्या हवाली करायचं, राहिलं ते गेलं.